जुन्या डिझेल मोटारीस एकट्याच्या लांब प्रवासासाठीं सिद्ध करणें

आपल्या बागाइतदार बंधूंपैकीं पुष्कळांच्या गोठ्याशेजारीं एखादी जुनी डिझेल जीप किंवा अँबॅसडर उभी असते. खताचीं पोतीं, फवारणीचा पंप, मुलांची शाळा, तालुक्याची कचेरी, अशा कामांत ती रोज दहावीस किलोमीटर धांवते आणि वर्षानुवर्षें कुरकुर करीत नाहीं. त्यामुळें मालक तिजवर भरंवसा ठेवूं लागतो. हा भरंवसा खोटा नसतो. मात्र तो गांवच्या शिवेपुरता असतो. शिवारांत गाडी अडली तर हाक मारल्याबरोबर चार माणसें धक्का द्यावयास येतात, नाहीं तर कोणाचा ट्रॅक्टर येतो. लुधियानास पंजाब कृषि विद्यापीठाचा किसान मेळा मार्च व सप्टेंबर महिन्यांत भरतो. तो पाहण्यास नाशिकाहून कोणी एकटाच निघाला आणि शिवपुरी सोडल्यावर रात्रीं मध्येंच उभा राहिला, तर धक्का देणारा व सुकाणूं धरणारा एकच!

असा प्रवास जुन्या गाडीनें करूंच नये असें आमचें मत नाहीं. जुन्या डिझेल एंजिनाची रचना उघडी व समजण्याजोगी असते. पान्हा, पक्कड आणि थोडा धीर यांवर पुष्कळ काम भागतें. परंतु तयारी आदल्या दिवशीं नव्हे, एक महिना आधीं सुरू झाली पाहिजे. नव्यानें बसविलेला भागही सदोष निघूं शकतो, व तो निघावयाचाच असेल तर आपल्या गांवीं, आपल्या मिस्त्रीच्या हाताशीं निघालेला बरा.

विहिरीवरील ऑईल एंजिन ज्यानें चालविलें आहे त्यास मोटारीचें डिझेल एंजिन परकें नाहीं. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं जें एंजिन यशस्वी करून दाखविलें त्याचेंच तत्त्व दोहोंत आहे. हवा दाबून इतकी तापवावयाची कीं तींत उडविलेलें तेल ठिणगीवांचून पेट घेईल. जुन्या मोटारींत हवा सुमारें वीस-बावीस पट दाबली जाते. म्हणजे दाब, स्वच्छ हवा आणि योग्य क्षणीं योग्य तितकें तेल एवढें मिळालें कीं एंजिन चालतें. ह्यांतील काय कमी पडतें हें धूरच सांगतो. ओझें घेऊन चढ चढतांना काळा धूर निघाला तर हवेची गाळणी चोंदली आहे किंवा नोझल नीट फवारत नाहींत असें समजावें. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. पहाटे थंड एंजिनांतून निघून थोड्या वेळानें नाहींसा होणारा पांढरा धूर बहुधा हीटर प्लगचा दोष दाखवितो व तो फार भिण्यासारखा नाहीं. पण एंजिन तापल्यावरही पांढरी वाफ निघत राहिली आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊं लागलें, तर हेड गॅस्केट गेलें असें समजून गाडी घरींच ठेवावी. ऑईल किती जळतें हें मापूनच ठरवावें. पांचशें किलोमीटरांत लिटरभर ऑईल खाणारें एंजिन गांवांत आणखी चार वर्षें चालेल, पण एकट्यानें दूर नेण्यास तें योग्य नव्हे.

डिझेल गाडी वाटेंत बंद पडण्याचें सर्वांत नेहमींचें कारण तेलाच्या वाटेवर सांपडतें. गांवांत चालणारी गाडी बहुधा पाव टाकीवर फिरते. टाकीच्या रिकाम्या भागांतील दमट हवेचें रात्रीं पाणी होतें आणि तें डिझेलपेक्षां जड असल्यामुळें तळाशीं बसतें. तेथें गंज धरतो, चिकट गाळ सांचतो. जवळच्या फेऱ्यांत हा गाळ निजलेला असतो. घाटांत किंवा खड्ड्यांतून दिवसभर गाडी हांकली कीं तो उठतो आणि गाळणींत जाऊन बसतो. म्हणून टाकी खालीं उतरवून धुवावी, तळचा बूच काढून पाहण्यावर समाधान मानूं नये. दोन्ही गाळण्या नव्या घालाव्या व तशीच आणखी एक जोडी बरोबर ठेवावी. पिंपांत साठविलेलें डिझेल प्रवासापूर्वीं टाकींत ओतूं नये.

टाकीपासून तेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची नळी विशेष संशयानें पाहावी. ह्या भागांत तेल ओढलें जात असतें. त्यामुळें रबरास चीर पडली तर चालत्या गाडींत तेल बाहेर गळत नाहीं, उलट हवा आंत शिरते. जमिनीवर एक थेंब दिसत नाहीं आणि एंजिन मात्र आचके देऊन थांबतें. तात्पुरती पारदर्शक नळी मध्यें जोडून एंजिन चालवावें. बुडबुडे दिसले तर मागें कोठें तरी गळती आहे. रबराच्या सर्व नळ्या व त्यांचे चिमटे बदलण्यास खर्च थोडा येतो आणि चिंता पुष्कळ वांचते.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत जें डिझेल मिळूं लागलें त्यांत गंधक दहा दशलक्षांशांहून अधिक नसतो. गंधक काढण्याच्या क्रियेंत तेलाचा मूळचा वंगणगुण कमी होतो; शुद्धीकरण कारखाने त्यासाठीं दुसरें द्रव्य मिसळतात, म्हणून पंप झिजेल अशी भीति बाळगावयास नको. परंतु वीस-तीस वर्षांपूर्वीच्या पंपांतील रबरी सीलें जुन्या तेलांत फुगलेलीं असतात व नव्या तेलानें आकसून पाझरूं लागतात. पंपाच्या अंगावर ओल दिसली तर तो कसबी माणसाकडून उघडवून सीलें बदलून घ्यावीं. फिरता पंप असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्यास वंगण म्हणून डिझेलच मिळतें आणि पाणी गेल्यास तो लवकर बिघडतो.

एअर काढण्याची क्रिया प्रत्येकानें स्वतःच्या हातानें निदान दोनदां करून पाहिलीच पाहिजे. मिस्त्रीस करतांना पाहणें म्हणजे शिकणें नव्हे. आधीं गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावें. फेंस थांबून निर्मळ धार आली कीं स्क्रू आंवळावा. नंतर मुख्य पंपाचा स्क्रू तसाच. इतक्यानेंही एंजिन न घेईल तर नोझलकडील नळ्यांच्या नटा एकेक वळसा सैल करून सेल्फ मारावा, तेल आलें कीं आंवळाव्या. सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये, मध्यें विसांवा द्यावा. एकटा माणूस सेल्फ मारावयास आंत व नट पाहावयास बाहेर अशा खेपा घालतो, म्हणून नटांखालीं पांढरें फडकें घालावें, तेल आल्याची खूण त्यावर उमटते. नोझलच्या फवाऱ्यापुढें हात कधींही धरूं नये. तो कातडी भेदून तेल मांसांत घालतो आणि अशी जखम बारीक दिसली तरी तिला तातडीची शस्त्रक्रिया लागते.

आतां पाण्याविषयीं. आपण रेडिएटरमध्यें बोअरचें पाणी ओततों. ज्या पाण्यानें ठिबकाच्या नळ्यांचीं छिद्रें बुजतात तेंच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून खेळतें, मग तेथें क्षार कां बसूं नये? गांवांत हें कळत नाहीं, कारण एंजिन पूर्ण तापण्याच्या आंतच काम संपतें. मार्चअखेरच्या उन्हांत धुळ्यापुढें तीन तास सलग चालल्यावर कळतें. रेडिएटर उघडवून साफ करून घ्यावा, होज पाईप व दाबाचें झांकण नवें घालावें, आणि शुद्ध जल व कूलंट यांचें मिश्रण भरावें. पुष्कळ मिस्त्री एंजिन तापूं नये म्हणून थर्मोस्टॅट काढून फेंकतात. ही सवय आम्हांस पसंत नाहीं. सुमारें ८२ अंशांस उघडणारी ती झडप एंजिनास योग्य उष्णतेवर ठेवते. ती नसल्यास एंजिन थंड चालतें, तेल अधिक खातें व झिजतें, आणि रेडिएटरचा खरा दोष झांकला जातो. तो दोष मग नेमका चढावर उघडा पडतो.

फॅन बेल्टाकडे पेट्रोल गाडीच्या संवयीनें पाहूं नये. पेट्रोल एंजिनांत ब्रेक हलका करणाऱ्या डब्यास लागणारा निर्वात एंजिनाच्या ओढीनेंच मिळतो. डिझेलमध्यें हवेच्या वाटेवर तशी झडप नसल्यामुळें निर्वातासाठीं वेगळा पंप ठेवावा लागतो आणि पुष्कळ गाड्यांत तो ऑल्टरनेटरच्या पाठीस बसविलेला असतो. म्हणजे तो एक पट्टा तुटला कीं पाण्याचा पंप थांबतो, बॅटरी भरणें थांबतें आणि डब्यांत सांठलेला निर्वात दोनतीन दाबांत संपून ब्रेक दगडासारखा होतो. धुळें जिल्हा ओलांडून सेंधव्याकडे जातांना बिजासन घाट लागतो. उतारावर हें घडलें तर काय होईल तें सांगावयास नको. शिवाय ह्या पंपास एंजिनाचें ऑईल बारीक नळीनें पोंचविलेलें असतें. त्या नळीचें रबर फुटल्यास थोड्याच वेळांत एंजिनांतील ऑईल रस्त्यावर सांडतें. पट्टा व ह्या नळ्या बदलल्यावांचून निघूं नये, आणि जुना पण धड असलेला पट्टा फेंकून न देतां सीटखालीं ठेवावा. ज्या जुन्या जीपांस हा डबाच नाहीं त्यांच्या मालकांस एवढी चिंता कमी.

ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषितें. तिसऱ्या प्रतीचें ताजें तेल २०५ अंशांच्या पुढें उकळतें. ओल शोषलेलें १४० च्या आसपास. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकांत तें उकळलें तर पाय पोकळ जातो. दर दोन वर्षांनीं हें तेल बदलावें असा नियम आहे. आपल्याकडे तें कमी झाल्यावर वरून भरण्याचीच चाल आहे. चारही ड्रम उघडवून व्हील सिलिंडरचीं रबरें नवीं घालावीं, लायनरवर ऑईल आलेलें नाहीं ना तें पाहावें. घाट ज्या गिअरवर चढलों असतों त्याच गिअरवर उतरावा. तेल वांचविण्यासाठीं गाडी मोकळी सोडणारे शहाणे अजूनही भेटतात. त्यांची संगत धरूं नये.

टायरची जाडी सर्वजण पाहतात, वय कोणी पाहत नाहीं. बाजूवरील शेवटचे चार आंकडे वाचावे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर नक्षी भरपूर असतांही सुकून चिरलेले असतात. स्टेपनी बहुधा सर्वांत म्हातारी असते. पाट्यांचे सेंटर बोल्ट, सुकाणूंचे सांधे, शाफ्टाचे क्रॉस व चाकांचीं बेअरिंगें ह्यांत मोकळेपणा आढळल्यास तो भाग बदलून टाकावा, ग्रीस भरून झांकूं नये.

इतकें झाल्यावर गाडी प्रवासाच्या ओझ्यानिशीं चालवून पाहावी. प्रथम पन्नास किलोमीटर, मग दिवसभर, आणि त्या दिवशीं एक तरी घाट असावा. प्रत्येक फेरीनंतर चाकांच्या नटा, चिमटे व पट्टा पुन्हां आंवळून पाहावा. नव्यानें बसविलेलें सर्व कांहीं पहिल्या शंभर किलोमीटरांत थोडेंफार सैल होतेंच. लिटरला किती किलोमीटर पडतात तें लिहून ठेवावें. वाटेंत हा आंकडा अकस्मात् उतरला तर दोषाची सूचना आगाऊ मिळते.

बरोबर न्यावयाच्या सामानांत हौस करूं नये. गाळण्या, पट्टा, नळीचे तुकडे व चिमटे, फ्यूज, ऑईल दोन लिटर, पाणी दहा लिटर, ब्रेकचें तेल, तार, डोक्यास बांधावयाची बॅटरी आणि जॅकखालीं ठेवावयाची फळी एवढें पुरे. डोक्यावरच्या दिव्याचें महत्त्व एकट्यासच कळतें. दोन्ही हात मोकळे राहतात.

कागदपत्रांत जुन्या गाडीस एक विशेष अडचण आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण पांच पांच वर्षांनीं करावें लागतें व धुराचा दाखला जुन्या गाडीस सहा महिनेच चालतो. राजधानी दिल्लीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवूं नयेत असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिला, सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं तो उचलून धरला आणि त्यानंतरही ह्याविषयीं न्यायालयाचे निरनिराळे आदेश झाले आहेत. लुधियानाची सरळ वाट आग्र्यावरून दिल्लीकडे जाते. तेव्हां निघण्याच्या आठवड्यांत त्या वेळचा नियम काय आहे तें पाहून मगच मार्ग ठरवावा, नाहीं तर सुस्थितींतील गाडी केवळ वयासाठीं अडकून पडावयाची.

चालकाविषयीं थोडेंच सांगतों. मोटार वाहतूक कामगारांसाठीं १९६१ सालीं जो कायदा झाला त्यानें दिवसास आठ तास कामाची मर्यादा घातली होती आणि पांच तासांच्या आंत अर्ध्या तासाचा विसांवा सांगितला होता. धंद्यानें गाडी हांकणाऱ्यास जें पुष्कळ मानलें गेलें तें हौशी माणसानें ओलांडूं नये. जुन्या गाडीचा आवाज व हादरा मनुष्यास लवकर थकवितो. दिवसास चारशें किलोमीटर पुरे, आणि दिवस मावळल्यावर गाडी उभी करावी. मुक्काम कोठें आहे व किती वाजतां पोंचूं हें रोज सकाळीं घरीं कळवावें, पोंचल्यावर पुन्हां कळवावें. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठीं १०३३ व कोणत्याही संकटांत ११२ हे आंकडे कागदावर लिहून सुकाणूंजवळ चिकटवावे, कारण फोन हरवला तर फोनमधील टिपणाचा उपयोग नाहीं.