एकच वाट, बारा महिने : मुलांसोबत पक्षी पाहताना



पक्षीनिरीक्षणाची सहल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गाडी, खाऊचे डबे, लवकर उठण्याची घाई आणि भिगवणचे गुलाबी रोहित पक्षी. आमचीही सुरुवात अशीच झाली. आमची शाळा इंदापूर तालुक्यात, उजनीचा पाणफुगवटा फार लांब नाही. पहिल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपताच मी मुलांना घेऊन गेले. धरण काठोकाठ भरलेलं, आणि रोहित? एकही नाही. मुलांचे चेहरे पडले. होडीवाल्या दादांनी मात्र एका वाक्यात धडा शिकवला, "बाई, पाणी उतरल्याशिवाय ते कशाला येतील? त्यांना उथळ पाणी अन् चिखल लागतो."

खरंच आहे. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव, शेवाळ खातो. खोल पाण्यात त्याचं काय काम? ही गोष्ट मी वर्गात चित्र काढून शिकवली होती, पण सहलीची तारीख ठरवताना माझ्याच डोक्यात आली नाही. मी पाहिली होती ती फक्त शाळेची सोय.

परतताना एक मुलगा म्हणाला, "बाई, आपल्या ओढ्यावर यापेक्षा जास्त पक्षी असतात." तिथून आमचा उपक्रम बदलला. शनिवारची सकाळची शाळा आपल्याकडे असतेच. शाळेचं फाटक, जुनी विहीर, ओढा, गायरान आणि पाझर तलाव अशी साधारण एक किलोमीटरची वाट ठरवली. प्रत्येक शनिवारी तीच वाट. खर्च शून्य. दुर्बीण एकच, तीही मागून आणलेली.

वहीबद्दल आधी सांगते, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. तारीख, वेळ, हवा, पक्षी, किती, काय करत होता, असे नेहमीचे रकाने आखलेच. शेवटी दोन रकाने वाढवले : "ओळखता आला नाही" आणि "आज दिसला नाही". सुरुवातीला मुलं पहिला रकाना भरायला लाजायची. चूक लिहिणं परवडलं, पण माहीत नाही म्हणणं नको, ही सवय त्यांना आपणच लावलेली असते. मग मी त्यांना सालीम अलींची गोष्ट सांगितली. शाळकरी वयात त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कुणालाच सांगता येईना, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांच्यापुढे पक्ष्यांचं जग उघडलं. गोष्ट ऐकल्यावर त्या रकान्यात गर्दी झाली! ओळखता आला नाही तर वर्णन लिहायचं. आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? शेपूट हलवतो का? चालतो की उड्या मारतो? आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं मोबाईल ॲप चांगलंच आहे, पण मी ते पिशवीत ठेवते. नाव आधी कळलं की मुलं पक्षी बघायचं थांबतात, असा माझा अनुभव आहे.

आमचं पक्षीवर्ष जूनमध्ये, शाळेसोबतच सुरू होतं. शाळा भरते तेव्हा "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" ऐकू येत असतं. मुलं म्हणतात चातक ओरडतोय. तसं नाही, तो पावशा. दिसायला थेट शिक्र्यासारखा, राखाडी. चातक वेगळा : काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. पावसाआधीच्या वाऱ्यांबरोबर तो आफ्रिकेकडून येतो. फक्त पावसाचे थेंब पिऊन राहतो ही कविकल्पना. आमच्या मुलांनी त्याला बाभळीवर केसाळ सुरवंट गिळताना पाहिलं, तेव्हा दोघी-तिघी "ईऽऽ" करून मागे सरल्या. हा स्वतः घरटं बांधत नाही, बहुतेक वेळा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. त्यामुळे सातभाईंच्या थव्यात एखादं वेगळंच पिल्लू अन्न मागताना दिसलं तर ते नीट बघायला सांगा.

मग विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा एक विषय महिनाभर पुरतो. नर डोक्यावर पिवळा होतो, उसाच्या आणि गवताच्या पानांच्या लांब चिरफळ्या काढतो आणि विणायला लागतो. अर्धवट खोपा लटकला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तरच पुढचं काम. नापसंत झालेले खोपे तसेच लोंबकळत राहतात. नाव सुगरण, स्त्रीलिंगी, आणि विणणारा नर! आमच्या व्याकरणाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. सहावीतल्या मुलीने लगेच विचारलं, "बाई, मग बहिणाबाई चुकल्या का?" त्यांच्या कवितेत पिलांसाठी झोका टांगणारी आई आहे ना. मी तिला सांगितलं, आतलं अस्तर लावणं, अंडी उबवणं हे मादीच करते, पिलांची मुख्य जबाबदारीही तिचीच. बहिणाबाईंनी त्या झाडाकडे आईच्या नजरेने पाहिलं. तुम्ही वही घेऊन बघा. दोन्ही बघणंच आहे. तिला ते पुरेसं पटलं नसावं, कारण पुढचे तीन शनिवार ती विहिरीपाशीच थांबली आणि कोण काय आणतंय याच्या खुणा करत बसली. मला आणखी काय हवं होतं?

सप्टेंबरमध्ये मुलं धोब्याची वाट बघतात. शेपूट सतत खालीवर हलवणारा हा पाहुणा ओलसर जागी, मैदानावर, अगदी शाळेच्या नळाजवळही येतो. पहिला धोबी दिसेल त्या दिवशीची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आणि वर्षभर पुसायची नाही. एक सूचना : पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी आपल्याकडे बारमाही असतो. त्याला पाहुणा समजून तारीख लिहू नका. आम्ही एकदा लिहिली होती.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालीम अलींचा. अडचण एवढीच की पुष्कळदा त्या दिवसांत आपली दिवाळीची सुट्टी असते. मग मुलांनी मामाच्या गावचे पक्षी लिहून आणायचे. कोकणातून आलेल्या याद्या आणि आमची यादी शेजारी ठेवली की पाऊस, झाडी, माळ यांचा भूगोल आपोआप सुरू होतो.

हिवाळ्यात उजनीची सहल करतोच, पण आता जानेवारीनंतर, पाणी किती उतरलं हे होडीवाल्यांना फोन करून विचारूनच. पट्टकादंब बघताना मुलं गप्प होतात. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. नकाशावर बोट ठेवून तो रस्ता दाखवा.

याच दिवसांत भोरड्या येतात आणि इथे मला पालकांशी बोलायचं आहे. काळं डोकं, गुलाबी अंग, शेकड्यांचे थवे. संध्याकाळी आभाळात त्यांची जी वळणं चालतात ती बघत राहावी अशी. पण ज्वारी हुरड्यात आली की हेच थवे कणसांवर उतरतात. एक बाप मला शाळेत येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही पोराला पक्षी बघायला शिकवता. माळ्यावर गोफण घेऊन उभं राहायचं तर तो थवा बघत बसतो. आमची ज्वारी कोण बघणार?" याला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. भोरडी टोळ आणि नाकतोडेही भरपूर खाते हे मी सांगितलं. ते म्हणाले, "खात असंल. पण कणसं तर माझ्यासमोर खाती." त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. मी त्यांनाच एका शनिवारी बोलावलं. भोरड्या किती वाजता उतरतात, कोणत्या बांधाकडून येतात, आधी कडेचं पीक धरतात का, असं त्यांनी मुलांना तासभर सांगितलं. आमच्या वहीतलं भोरडीचं पान त्यांच्याच माहितीने भरलं आहे. गोफण मात्र त्यांनी सोडली नाही आणि मुलगा आजही माळ्यावर उभा राहतो.

आता जे लिहायला जड जातं ते लिहिते.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका आजोबांनी मुलांना सांगितलं, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, सखल जागी घातली तर कमी. मला वाटलं, किती छान प्रकल्प! दरवर्षी जागा नोंदवू, पावसाशी ताडून बघू. मुलांना मीच गायरानात अंडी शोधायला लावली. सापडली. चार अंडी, खड्यांच्याच रंगाची, निमुळती टोकं आत. टिटव्या डोक्यावरून ओरडत झेपावत होत्या आणि आम्ही बावीस जण गोल करून उभे. ऊन चढत होतं. अशा उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, हेसुद्धा मी त्याच वेळी, तिला तिथे येऊ न देता, मुलांना समजावून सांगत होते. वर फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला, "गायरानात, तलावाच्या बांधाजवळ" असं लिहून.

पुढच्या शनिवारी अंडी नव्हती. टरफलंही नव्हती. मुंगूस, कुत्रं, कावळा की माणूस, कळायला मार्ग नव्हता. पण बांधापासून तिथपर्यंत आमच्याच पावलांची नवी पायवाट पडली होती. एका मुलाने विचारलं, "बाई, आपल्यामुळं?" मी "असेल" म्हणाले. त्या दिवशी वहीत काय लिहायचं यावर मुलं खूप वेळ बोलली. शेवटी "आज दिसला नाही" या रकान्यात त्यांनी लिहिलं : टिटवीची अंडी, ४.

प्रकल्प तिथेच बंद केला. तेव्हापासून घरटं शोधायला जायचं नाही, चुकून दिसलं तर तिथे थांबायचं नाही, फोटो नाही, जागा कुणालाही सांगायची नाही. खोपे तेवढे विहिरीच्या या बाजूने बघायचे. आपल्यापैकी कुणी असा उपक्रम आखत असाल तर हे नियम पहिल्या शनिवारच्या आधी मुलांसोबत ठरवा, माझ्यासारखे नंतर नको.

यंदा एप्रिलमध्ये गायरानाच्या अलीकडेच टिटवी ओरडत अंगावर आली. मी काही बोलायच्या आत पुढची मुलं थांबली आणि वळली. तलाव राहिला. एका मुलीने शाळेत येऊन नोंद केली : "टिटवी १, खूप ओरडली. आम्ही परत फिरलो. अंडी होती का माहीत नाही."