दोन भोकांची मोहोर

प्रश्न : जुन्या बाजारात सोनेरी नाणे पाचशेला मिळाले. समोर शिरस्त्राण घातलेला राजा, मागे हाती क्रूस घेतलेली पंखवाली आकृती, राजाच्या डोक्यावर दोन भोके. विकणारा म्हणाला, बायझंटाइन आहे. खरे की नक्कल?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : पाचशेत साडेचार ग्रॅम सोने कुणी देत नाही, एवढ्यावरच बरेचसे उत्तर मिळते. पण नक्कल कधीची, हा खरा प्रश्न.

भोकांमुळे खट्टू होऊ नका. अशी नाणी ओवून गळ्यात घालायची रीत दक्षिणेत होती. हावेरी जिल्ह्यातल्या अक्कीआळूरच्या साठ्यात भोके पाडलेली नाणी आहेत. इथल्या सोनारांनी त्यांच्या नकलाही पाडल्या. तेरला तर रोमी नाण्यांवरून केलेल्या मातीच्या टिकल्या सापडल्या. (आपली पुतळ्यांची माळ आठवा, तिचे मूळ व्हेनिसच्या डुकाटमध्ये!) अशी जुनी नक्कल आता स्वतःच पुरावस्तू आहे.

ती ओळखायची अक्षरांवरून. अस्सल 'सॉलिडस'च्या, म्हणजे बायझंटाइन सोन्याच्या नाण्याच्या, मागे तळाशी बहुधा सी, ओ, एन, ओ, बी ही रोमन अक्षरे असतात : पहिली तीन कॉन्स्टँटिनोपलची, उरलेली दोन शुद्ध सोन्याची. आपल्या सोनाराला लॅटिन कुठून येणार? त्याच्या हाती अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके झाले.

हल्लीची नक्कल बहुतेक ओतीव असते. भिंगाखाली कड फिरवून पाहा : साच्याची शिवण, ती घासल्याचे कानशीचे ओरखडे, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे. अस्सल नाणे ठशाने पाडलेले असते, त्याची अक्षरे धारदार उठतात.

मग वजन. एका रोमन पौंडात 72 सॉलिडस, म्हणजे एक साधारण 4.4 ते 4.5 ग्रॅम, व्यास दोनेक सेंटिमीटर. तेवढ्याच आकारमानाचे पितळ जेमतेम दोन ग्रॅम भरते. जाड करून वजन जुळवले असेल, तर दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून पुन्हा तोला. सोन्याचे वजन पाव ग्रॅमच्या आसपास घटेल, पितळाचे अर्धा ग्रॅम. नगर रोडवरच्या कुठल्याही सराफाकडे बारीक काटा असतो. मात्र नाणे कसोटीवर घासू देऊ नका, चिंचेने उजळूही नका.

जाणकाराला फोटो पाठवाल तेव्हा दोन्ही बाजूंबरोबर कडेचा फोटो आणि वजनही द्या. आणि अस्सल निघालेच तर परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून धाडू नका : 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरचे नाणे खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.