हातगाडीवरील वीज

सायंकाळ होताच पावभाजीच्या हातगाडीवर दिवा उजळतो. फिरत्या गाडीस वीज कोठून मिळते? पुष्कळदा गाडीखालच्या बॅटरीतून. १२ व्होल्ट व १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॉट-तास वीज साठते. तिच्यावर १० वॉटचा दिवा हिशेबाने १२० तास जळेल. परंतु १५०० वॉटची विजेची शेगडी तासाभराच्या आतच ती रिती करील. प्रकाशास वीज थोडी पुरते, उष्णतेस फार लागते. म्हणून जाणता विक्रेता तवा गॅसवर तापवितो आणि बॅटरी दिव्यासाठी राखतो. कोणी खांबावरच्या तारेवर आकडा टाकतात. ती चोरी तर खरीच. शिवाय लोखंडी गाडीत वीज उतरली, तर विक्रेत्याच्या व गिऱ्हाइकाच्याही प्राणांवर बेतते. उजेड थोडा असला तरी चालेल. तो सचोटीचा व सुरक्षित असावा.