वाढते वय आणि पेशींचे टपाल



विज्ञानात संप्रेरकांचा पाठ येतो. पुरुषाच्या शरीराचा भाग आला की वर्गातल्या माना खाली जातात. घरीही तसेच. माझे थोरले चुलते रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत. वयाचे आहे म्हणून कोणाजवळ बोलले नाहीत. एके रात्री लघवी पूर्ण अडली. मध्यरात्री जीप करून त्यांना बिदरला आणावे लागले, नळी घातल्यावर सुटका झाली. म्हणून हा पाठ आज सर्वांसमोर मांडतो.

रक्तातील संप्रेरक म्हणजे टपाल. ते स्वीकारणारे प्रथिन पेशीवर किंवा पेशीच्या आत असते, त्यास ग्राही म्हणतात. ग्राही नसेल तर टपाल दारावरून निघून जाते.

मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीतून एल.एच. हे संप्रेरक निघते व वृषणातील लायडिग पेशींच्या ग्राहीस चिकटते. मग पेशीत 'सायक्लिक ए.एम.पी.' नावाचा दूत तयार होतो आणि त्याच्या सांगण्यावरून कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनते. हा दूत शोधणारे अर्ल सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हाताऱ्या उंदरांच्या पेशी तेवढ्याच एल.एच.ला कमी दूत तयार करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे टपाल येते, पण दारातला कान मंद होतो. माणसातही चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन हळूहळू, वर्षाला साधारण एक टक्का, घटते.

मग प्रोस्टेट ग्रंथी वाढते कशी? ही ग्रंथी मूत्राशयाखाली मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅमची असते. तेथे टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डी.एच.टी.मध्ये होते, आणि ते ग्राहीला अधिक घट्ट धरते. रक्तात घट झाली तरी ग्रंथीतील हा साठा टिकून राहतो, म्हणून वाढीचा निरोप चालूच राहतो. शिवाय तेथील स्नायूंवर अल्फा-१ ग्राही असतात. त्यांना निरोप मिळाला की स्नायू आवळतात व धार बारीक होते. पन्नाशीत सुमारे निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ आढळते, ऐंशीनंतर दहांत आठांहून अधिकांत.

उपचारही याच ज्ञानातून आले. टॅमसुलोसिन अल्फा-१ ग्राही अडवते, तर फिनास्टराइड डी.एच.टी. बनू देत नाही. दोन्ही गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे; परंतु दोहोंची लक्षणे सारखी असू शकतात. लघवीत रक्त दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

मराठी मुलखातही प्रजननाच्या अभ्यासाची परंपरा आहे. मुंबईत परळ येथे यासाठी १९७० साली स्थापन झालेली सरकारी संशोधन संस्था आजही कार्यरत आहे. आपल्या शाळेतून कोणी तेथे पोहोचला तर मला अतिशय आनंद होईल.

तोपर्यंत एवढे करा. आजोबा रात्री वारंवार उठत असतील तर हसू नका, वडिलांना सांगा. वडिलांनीही लाज बाजूस ठेवून आजोबांना डॉक्टरांकडे न्यावे.

स्वाध्याय
१) ग्राही म्हणजे काय?
२) टेस्टोस्टेरॉन घटूनही प्रोस्टेट का वाढते?
३) दोन औषधांच्या कार्यातील फरक लिहा.

— मुख्याध्यापक