तालमीतील तरुणांचा शाकाहार

मांसाहाराशिवाय अंगात ताकद येत नाही, असा समज खेड्यापाड्यांतील तालमींत पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. ऑस्ट्रेलियाचा जलतरणपटू मरे रोझ लहानपणापासून शाकाहारी होता; त्याने १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळविली. तथापि केवळ शाकाहाराने ताकद वाढते, असेही सिद्ध झालेले नाही. आहार पुरेसा व समतोल असणे हेच महत्त्वाचे होय.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. डाळीतील मेथिओनीनची उणीव धान्य भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर आमटी किंवा उसळ हवीच. नुसत्या चटणी-भाकरीवर जोर-बैठका काढल्यास शरीर भरत नाही.

नियमित व्यायाम करणाऱ्या ६० किलो वजनाच्या तरुणास रोज सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. ४०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, १०० ग्रॅम तूरडाळ व ५० ग्रॅम शेंगदाणे यांतून ती मिळतात. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. मात्र ते कच्चे न खाता भिजवून चांगले शिजवावे.

ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही घ्यावे. दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या गोळ्या घ्याव्यात. पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा असावा व जेवणाबरोबर चहा टाळावा.

ज्वारीत तुरीच्या ओळी घेणाऱ्या शेतकरी बंधूंनी सर्वच तूर बाजारात न नेता, घरच्या मुलांना वर्षभर पुरेल इतकी प्रथम राखून ठेवावी.