कोविडोत्तर दुखणे आणि शिक्षक

ताप उतरला, म्हणजे माणूस बरा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज पुरता खरा नाही, हे चिकुनगुनियाने ग्रामीण महाराष्ट्राला पूर्वीच दाखवून दिले होते. २००६ च्या साथीत ताप थोड्याच दिवसांत गेला. सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्‌महिने धरलेले राहिले. निदान लंगडणारा माणूस लोकांना दिसत तरी होता. कोविडनंतर मागे राहणारे दुखणे बहुधा दिसतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी या अवस्थेची व्याख्या प्रसिद्ध केली. संसर्गानंतर सुमारे तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने ज्यांचा उलगडा होत नाही अशी लक्षणे तीत गणली जातात. थकवा, धाप आणि स्मरण व एकाग्रता यांतील उणीव ही त्यांतील प्रमुख होत. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे १९ लाख लोकांना असा त्रास असावा, असा तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज होता. आरोग्यसेवा व समाजसेवा यांच्या जोडीने अध्यापन क्षेत्रातही हे प्रमाण अधिक असल्याचे त्या कार्यालयाच्या पाहणीत दिसून आले.

अध्यापनाचे काम या दुखण्याला नेमके मानवणारे नाही. उभे राहून, आवाज चढवून बोलावयाचे. फळ्यावर लिहिताना मागच्या बाकाकडेही लक्ष ठेवावयाचे. द्विशिक्षकी शाळेत तर एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळावयाचे. कचेरीतील लेखनिक बेरीज अर्धा तास पुढे ढकलू शकतो. चाळीस मुलांपुढे उभ्या असलेल्या शिक्षिकेला ती सवलत नाही. रोजच्या विद्यार्थ्याचे नाव ऐनवेळी आठवत नाही, वाक्य अर्ध्यावर तुटते. रक्ताचा आणि छातीच्या एक्स-रेचा अहवाल मात्र अनेकदा निर्दोष येतो, आणि मग कामचुकारपणाचा संशय घेतला जातो.

हा संशय नवा नाही. अमेरिकेतील टाहो सरोवराच्या परिसरात १९८४-८५ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजाराची लाट आली. तीत एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांचा गटही सापडला होता. कारण निश्चित झाले नाही. वृत्तपत्रांतून मात्र या दुखण्याची सुखवस्तू तरुणांचा फ्लू म्हणून थट्टा झाली. तेथील रोगनियंत्रण केंद्राने दीर्घकालीन थकव्याच्या विकाराची व्याख्या केली ती १९८८ मध्ये.

मुख्याध्यापकांनी एक लक्षण विशेष ध्यानात ठेवावे. अनेक रुग्णांत श्रमाचा परिणाम त्याच दिवशी न दिसता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळून येतो. सोमवारी उत्साहाने सर्व तास घेणारा शिक्षक बुधवारी अंथरुणावर असतो, ते याच कारणाने. अशांना ‘रोज थोडे अधिक चालत जा’ हा सल्ला बाधू शकतो. ब्रिटनमधील दीर्घकालीन थकव्याच्या विकारावरील मार्गदर्शक सूचनांतून ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढविण्याची पद्धत २०२१ मध्ये वगळण्यात आली. शक्ती बेताने खर्चणे व मध्ये विसावा घेणे, हेच तूर्त श्रेयस्कर.

प्रत्येक थकवा कोविडोत्तरच असतो असे मात्र नव्हे. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, मधुमेह व क्षय यांची तपासणी आधी करून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात २०२०-२१ मध्ये अनेक शिक्षक घरोघरच्या सर्वेक्षणाला आणि तपासणी नाक्यांवर होते. त्यांपैकी कोणास अद्याप त्रास असेल, तर शाळा व शाळा व्यवस्थापन समितीला पुष्कळ करता येण्याजोगे आहे. वर्गात खुर्ची द्यावी, अवघड विषय सकाळच्या तासांत ठेवावेत, सलग तास टाळावेत, शाळाबाह्य कामे काही काळ अन्य सहकाऱ्यांत वाटावीत. या दुखण्याला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात स्वतंत्र संकेतांक आहे. त्यामुळे वैद्यकीय प्रमाणपत्रात नुसते ‘अशक्तपणा’ असे न लिहिता निदान, आणि शिक्षकाला कोणते काम किती वेळ झेपेल, हे दोन्ही नमूद करून घ्यावे. रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचेही काम त्याने सोपे होते.