संग्रह आपला, हक्क कोणाचा?

पूर्वी आपल्या वस्तीत घरोघरी एखादे लहान कपाट असे. त्यात बाबासाहेबांचे ग्रंथ, जुन्या स्मरणिका व भीमगीतांच्या कॅसेटी जपून ठेवलेल्या असत. आज हे सर्व मोबाइलमध्ये मावते. अमरावती-अकोल्याचा विद्यार्थी पुण्याला शिकायला जाताना पुस्तकांची पेटी नेत नाही. संगणकावरील संग्रह मोबाइलवर घेऊन निघतो. ही सोय मोठीच आहे. परंतु असे करताना आपला हक्क कोठवर चालतो, याची माहिती प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

छापील पुस्तक विकत घेतले की ती प्रत आपली होते. ती मित्राला द्यावी किंवा विहाराच्या वाचनालयास दान करावी, कोणाची हरकत नाही. मात्र नव्या प्रती काढून वाटण्याचा हक्क लेखकाकडे वा प्रकाशकाकडेच राहतो. यालाच प्रताधिकार किंवा कॉपीराइट म्हणतात. मोबाइलवरील फाइल मित्राला पाठविली की आपली प्रत आपल्याजवळ राहते आणि त्याच्याकडे दुसरी तयार होते. म्हणजे आपण पुस्तक दिले नाही, त्याची नक्कल केली.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमाने खाजगी वापर व संशोधन यांसाठी रास्त प्रमाणात वापर करण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविता येतो, हे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. तेव्हा स्वतःच्या अभ्यासाचे साहित्य संगणकावरून मोबाइलवर घेणे वेगळे आणि स्पर्धा परीक्षेचे नवे गाइड स्कॅन करून शंभर जणांच्या गटात टाकणे वेगळे. दुसऱ्यास खाजगी वापर म्हणता येणार नाही.

मग बाबासाहेबांचे ग्रंथ वाटता येतील काय? आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. म्हणून १९३६ चे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १ जानेवारी २०१७ पासून सर्वांस खुले झाले. निधनानंतर प्रथम छापलेल्या ग्रंथाची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजतात. १९५७ चा 'द बुद्ध अँड हिज धम्म' २०१७ अखेर मुक्त झाला. 'रिडल्स इन हिंदुइझम' हे १९८७ साली प्रसिद्ध झाल्यामुळे त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत आहे. मूळ ग्रंथ मुक्त असला तरी मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. आपल्या जिल्ह्यातील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ चे; म्हणून 'ग्रामगीते'ची मुदत २०२८ अखेर संपेल.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाची गोष्ट आणखी निराळी. पुष्कळ कंपन्या त्यास डिजिटल कुलूप लावतात आणि ते त्यांच्याच अॅपमध्ये, आपल्या खात्यातून तेवढे उघडते. २००९ साली अॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास ६५-अ कलमान्वये दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच पाहावे, की हे पुस्तक दुसऱ्या यंत्रावर नेता येईल काय? बिनकुलपाची प्रत मिळत असेल तर तीच घ्यावी.

आपल्या गावोगावच्या शाहिरांच्या कॅसेटी आज खराब होत चालल्या आहेत. त्या गाण्यांत कवीचा, संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा असे वेगवेगळे हक्क असतात. आपल्या संस्थांनी या मंडळींची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी आताच घेऊन ठेवावी. जाणती माणसे आहेत तोवर हे काम एका कागदावर होते; पुढे वारस शोधत फिरावे लागेल आणि तोवर कॅसेट वाजणारही नाही. विद्यार्थ्यांनी या कामी पुढाकार घ्यावा, अशी आमची विनंती आहे.